रिकाम्या पलंगावरची हाक

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर, भर उजेडात घडलं आहे. नागपुरात, बेसाच्या एका फ्लॅटमध्ये, गेल्या हिवाळ्यात.

आधी ती सकाळ सांगते, कारण तिच्यात वेगळं असं काहीच नव्हतं.

सुशीलभाऊजींनी दूध तापवलं. माझी भाची वैभवी डबा घेऊन क्लासला गेली. भाऊजींनी माझ्या थोरल्या बहिणीला, दामिनीताईला, कुशीवर वळवलं. तोंड पुसलं. नळीतून पातळ पेज दिली. तिचा हात छोट्या उशीवर नीट ठेवला आणि बोटाखाली लाल बटण सरकवलं. मग ते आंघोळीला गेले.

ताईचे स्नायू एकेक करून निकामी होत गेले होते. आवाजही गेला होता. साऱ्या अंगात उजव्या हाताचं फक्त एक बोट हलायचं.

भाऊजी घरूनच फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांची डिझाईन करत. ते बटण त्यांनी आपल्या कॉम्प्युटरला जोडून दिलं होतं. कॉम्प्युटर झोपलेला असला तरी बटणापुरती वीज चालू राहायची. ताईनं बोट दाबलं की तो जागा व्हायचा, आणि स्पीकरमधून तिचाच आवाज यायचा. आवाज शाबूत होता तेव्हा तिनं तो भरून ठेवला होता.

“अहो, इकडे या ना.”

रात्री मात्र तिचं बोट आपोआप थरथरायचं आणि विनाकारण हाका व्हायच्या. भाऊजी तिच्या शेजारीच झोपत. म्हणून झोपण्यापूर्वी ते सेटिंगमधली एक टिक काढत. या बटणानं कॉम्प्युटरला उठवावं, एवढीच परवानगी त्या टिकेत होती. सकाळी ती आठवणीनं परत लावत.

त्या सकाळी लावायची राहून गेली.

ते आंघोळ करून आले, तेव्हा ताईच्या घशात कफ अडकला होता. श्वास थांबला होता. बोट बटणावर रुतलेलं होतं.

स्क्रीन काळी होती.

तेरवी झाली. पाहुणे गेले, मी मात्र मागे राहिले. बटणाची वायर मी स्वतः काढली, गुंडाळली आणि बटणासकट ताईच्या पलंगावर ठेवली. भाऊजी कॉम्प्युटरपुढे बसले आणि त्यांनी ती टिक पुन्हा लावली. आता कशासाठी, हे आम्ही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो. खाली भाजीवाला ओरडत होता. वैभवी वरण वाढत होती.

आणि...

स्क्रीन उजळली.

“अहो, इकडे या ना.”

भाऊजींच्या हातातला घास ताटात पडला. ते पलंगापाशी गेले. रिकाम्या गादीवर वाकले.

“काय पाहिजे तुले?”

स्क्रीनवर शब्दांच्या चौकटी एकामागून एक उजळू लागल्या. पाणी. कूस. पंखा. दुखते. हवा तो शब्द आला की ताई बोट दाबायची.

उजेड सगळ्या शब्दांवरून फिरला...

कशावरच थांबला नाही.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या धर्मेंद्रला बोलावलं.

“अपडेटचं लफडं असन, भाऊ. मशीन बी तुमच्यासारखीच म्हातारी झाली,” तो हसत म्हणाला. मग मशीन कशानं जागी झाली, ते त्यानं स्क्रीनवर तिची नोंद उघडून पाहिलं. तिथं बटणाचं नाव होतं. त्यानं मागे वाकून पाहिलं. वायरीची खाच रिकामी होती.

“हे तर लागलेलंच नाही ना गा...”

“मग?” मी विचारलं.

“मग याले उठवून कोन राह्यलं?”

त्याचं हसू गेलं. “भाऊ, ती टिक काढून टाका.”

“नाही काढत,” भाऊजी म्हणाले.

धर्मेंद्र चहासाठी थांबला नाही.

नंतर हाक रोज येऊ लागली. भाऊजी जेवायला बसले की यायची. अंगावर पहिला तांब्या ओतला की यायची. डोळा लागला की यायची. ते प्रत्येक वेळी उठायचे, वाकायचे, विचारायचे.

उत्तर कधीच आलं नाही.

काम सुटलं. माणूस वाळत गेला. एकदा ते न्हाणीघराच्या दारातच कोसळले. धंतोलीच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, “हे असंच चाललं तर फार दिवस निघणार नाहीत.” वैभवी माझ्या मागेच उभी होती.

“भाऊजी, दोन घास तरी खा,” घरी आल्यावर मी म्हटलं.

“ती बोलावून राह्यली ना वं, चारू. मी जेवू कसा?”

“पण ती सांगत तर काहीच नाही.”

“सांगन. त्या दिवशी मी गेलो नाही. रुसली असन.”

“आई रुसायची तेव्हा तुम्ही तिच्या वाटच्या बी पोळ्या खायचे,” वैभवी म्हणाली. “मले माहीत नाही का?”

भाऊजी हसले. कितीतरी दिवसांनी.

आणि...

“अहो, इकडे या ना.”

ताट तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी भाऊजी आंघोळीला गेले. वैभवी कॉम्प्युटरपुढे जाऊन बसली.

“मावशी, मी टिक काढून राह्यली.”

“बाबांना विचारलंस?”

“विचारलं तर नाही म्हणतील. मग तेही जातील.”

मी तिला थांबवलं नाही. तिनं टिक काढली.

“आई, बाबाले जेवू दे वं,” ती हळूच म्हणाली आणि कॉम्प्युटर झोपवला.

भाऊजी आले. पलंगाकडे पाठ करून, स्क्रीनकडे तोंड करून ताटावर बसले. वाट पाहत राहिले.

काहीच वाजलं नाही.

“आज उशीर झाला तिले,” ते म्हणाले.

माझी नजर पलंगाकडे गेली. वायर गुंडाळलेलीच होती.

लाल बटण...

खाली गेलं.

वर आलं.

पुन्हा खाली गेलं. पुन्हा. पुन्हा. घाईघाईनं, आवाज न करता.

स्क्रीन काळी होती.

वैभवीनंही पाहिलं. तिच्या हातातली पोळी क्षणभर तशीच राहिली. मग ती उठली, पलंगापाशी गेली, त्या बटणावर उशी ठेवली आणि परत येऊन बापाच्या ताटात पोळी वाढली.

“जेवा, बाबा.”

भाऊजींनी घास मोडला.

 बटणाचं मी आजही त्यांना सांगितलेलं नाही.