निळ्या बाटलीची तपासणी

दारात पाऊल टाकलं नाही तोच तिला शिंक आली. काउंटरमागून दुकानदार म्हणाला, "अननस सोसला नाही वाटतं. थांबा, झाकण लावतो."

तिनं ओळखपत्र काढलं. गिऱ्हाईक नव्हतीच ती, आरोग्य खात्याची तपासनीस होती. सरकारनं नवा नियम काढलेला... ई-सिगारेट विका, पण तंबाखूच्या वासाचीच. फळांचे, गोड वास बंद, कारण शाळेतली पोरं नादी लागतात. आणि ज्या वासाला नावच नाही, त्याचं काय? तर कधी सिगारेटला हात न लावलेल्या माणसालाही जो वास खेचून आणेल, तोही बंद!

त्याचं दुकान कपाटाएवढं, पण नाक केवढं! गल्लीच्या टोकाला कुणी संत्रं सोललं तर हा आत बसून सांगायचा, आंबट निघालं म्हणून. खोटं असेल तर माझे उरलेले दात पडोत.

ई-सिगारेटीत भरायच्या, फळांच्या वासाच्या बाटल्या त्यानं मुकाट काढून दिल्या. एक निळी तेवढी मागे राहिली.

"ही कसली?"

"माझं मिश्रण आहे, मॅडम. वास तुम्हीच ओळखा. सगळं दुकान हिच्यावर चालतं. ही गेली की मी गेलो."

त्यानं बूच आपल्या बाहीला पुसलं आणि बाटली पुढे केली. तिनं हुंगलं. उन्हात तापलेली उशी? नवं पुस्तक? छे... तिनं पुन्हा हुंगलं.

"मी... पुन्हा येते."

पुन्हा आली. मग पुन्हा आली.

"मॅडम, अहवाल कधी?"

"घाई आहे का तुम्हाला?"

"मला कुठली? तुमच्या साहेबांना असेल."

"फार बोलता हो तुम्ही!"

"आणि तुम्ही फार हुंगता."

घरी ती भिंतीशी बोलायला लागली. मी कधी सिगारेटला हात लावला नाही, तरी सारखी तिकडे जाते, म्हणजे वासच मला खेचतोय. म्हणजे दुकान बंद करायला हवं. पण वास नसेल, तर मग... कोण खेचतंय? चहात मीठ घातलं तिनं, आणि प्यायलीसुद्धा!

शेवटी तिनं डोकं चालवलं. तो माल आणायला गेल्याची वेळ साधून दुकानात गेली. गल्ल्यावर त्याची ताई होती.

"तो नाहीये हं," ताई डोळे बारीक करून म्हणाली.

"माहितीये. निळी बाटली द्या."

हुंगलं. काही नाही. नुसतं डोकं जड झालं. अगं बाई... म्हणजे तो!

दुकान वाचलं म्हणून ती हसणार, तेवढ्यात दप्तर पाठीवर घेतलेली एक मुलगी आत घुसली आणि डोळे मिटून बाटलीला नाक लावून उभी राहिली.

"किती मस्त! हीच ना ती?"

"ए, तुला नाही मिळत ही," ताईनं झाकण दाबलं.

"मिळते की. वरच्या वर्गातले आणून देतात."

मॅडमचं ओठांवर आलेलं हसू तिथंच विरलं.

तो परतला तेव्हा ती कपाटाला सील लावत होती. चिकटपट्टी पुन्हा पुन्हा तिच्याच बोटांना चिकटत होती.

"म्हणजे वासानं खेचलंच तुम्हाला," तो हळूच म्हणाला.

"मला नाही. शाळेतल्या एका मुलीला."

"मग तुम्ही सारख्या कशाला..."

तिचे कान लालबुंद. "पट्टी धर जरा!"

धर? तो गडबडला. आपल्याच कपाटाच्या सीलची पट्टी त्यानं निमूट धरली.

"दुकान बुडवलंस माझं."

"हो."

"आणि वर मला अरेतुरे?"

"तुझ्यासाठी यायचे रे, शहाण्या! साहेबांना सांगितलंय, यापुढे या गल्लीत दुसऱ्या कुणाला पाठवा म्हणून."

तो रिकाम्या फळ्यांकडे बघत राहिला, मग तिच्याकडे, मग पुन्हा फळ्यांकडे. ओरडावं की नाचावं, काही कळेना बिचाऱ्याला.

"मला राग आलाय हं. खूप."

"येऊ दे."

"उद्या सकाळपर्यंत तरी टिकेल."

ती पट्टी कापत म्हणाली, "मग मी दुपारी येते."