ओहोटीपर्यंतचे आख्यान

पहाट फुटली तेव्हा डोंगरमाथ्यावरचा भैरवकोट अजून धुमसत होता, आणि त्याच्या धुराची काळी रेघ पार खाली, कुसरीच्या खाडीकाठच्या लक्ष्मीनारायणाच्या शिखरावर येऊन टेकली होती. तट पडताच चोरदिंडीतून निसटलेली पस्तीस बायकामुले घाट उतरून या देवळाच्या ओवरीत आली होती. मागे गनिमाचे स्वार, पुढे भरत चाललेली खाडी. आणि खाडीपलीकडे, डोळ्यांना दिसणारा पण पायांना न पोचणारा, त्यांना अभय देणारा रतनदुर्ग.

उजाडताच केसोशेट नावाचा व्यापारी दोन मचवे घेऊन हजर झाला. कपाळी गंध, मुखी हरिनाम. "आयाबायांनो, भिऊ नका! दुपारच्या भरतीला पलीकडे पोचवतो. आधी तरण्या पोरी आन् लेकरं. म्हाताऱ्या मागच्या खेपेला."

देवळाचे हरिदास मोरबुवा यांना गहिवरून आले. बुवा भाबडे, प्रेमळ. दोष एवढाच, की कीर्तन हाताबाहेर लांबायचे. बुवा उभे राहणार कळले, की गावच्या बायका चुलीवर तासन्‌तास शिजणारे हुलगे चढवूनच घराबाहेर पडत.

तेवढ्यात भैरवकोटच्या किल्लेदारांची लेक जिवाई हळूच जवळ आली.

"बुवा, पलीकडं जायला किती वेळ?"

"घटकाभर, बाळ."

"मग मचव्यांत आठ दिवसांचं पाणी कशाला भरलंय? आन् एवढे दोरखंड?"

आश्रयाच्या नावाने उचललेल्या पोरी दूरच्या बंदरांत विकल्या गेल्याचे बुवांनी ऐकले होते. घाटवाटेवर शेटचे हत्यारबंद लोक बसलेले; पळायला फट म्हणून नव्हती. त्यांनी खाडीकडे पाहिले. कालच पौर्णिमा झालेली. उधाणाचे पाणी चढते तसेच खोल उतरते.

"जिवाई, सांज होताना इथं गुडघाभर पाणी राहतं, मचवे चिखलात बसतात. तोवर मी रोखतो. 'यमुनेनं वाट दिली' म्हटलं, की लेकरं कडेवर घ्या, दीपमाळ पाठीशी ठेवा आन् समोरच्या बुरुजाकडं चालू लागा."

"आन् तुम्ही?"

"मला कधी वेळेत आटपता आलंय, बाई?"

कीर्तनाचे नमन झाले की आरतीपर्यंत खाडीत वल्हे घालायचे नाही, ही त्या काठची रीत. शेटचे खलाशी याच काठचे, भाड्याने घेतलेले. दुपारी मचवे सुटायच्या वेळीच बुवांच्या चिपळ्या वाजल्या, तसे ते हात जोडून बसले. भक्त म्हणून मिरवणाऱ्या शेटलाही बसणे भाग पडले.

बुवांनी कृष्णजन्म लावला. यदुकुळाची वंशावळ झाली, कंसाचा दरबार झाला. ओहोटी लागून खाडीच्या घाटाची एक पायरी उघडी पडली.

"बुवा, आटपा की!"

"शेट, देवकी अजून बंदिशाळेत आहे. तिला तशीच सोडून उठू म्हणता?"

खलाशी खदखदून हसले. जिवाईकडून खूण कळलेल्या ओवरीत मात्र कोणी हसले नाही. एक लेकरू भुकेने रडू लागले, तशी आईने त्याचे तोंड उराशी दाबले. तिसरी पायरी दिसली, पाचवी दिसली. बुवांचा घसा बसला. पांडुरंगा, एवढा श्वास पुरव, असे मनात म्हणत ते गात राहिले.

एकाएकी मचवा कलंडल्याचा आवाज झाला. केसोशेटने खाडीकडे पाहिले, आणि त्याच्या मुखातले हरिनाम विझले. समशेर उपसून तो बुवांवर धावला. "आरती म्हण, थेरड्या!"

"वसुदेव पाण्यात उतरला..."

वार चिपळ्यांच्या हातावर बसला. बोटे तुटली. रक्ताळलेला हात तसाच उंच धरून बुवा गरजले, "यमुनेनं वाट दिली!"

पस्तीस जीव एकदम उठले. शेटचे लोक घाटवाटेवरून धावत आले. पण उभ्या कीर्तनात हरिदासाचे रक्त सांडलेले पाहून खलाशांनी वल्ही उचलली आणि ते पायऱ्यांवर आडवे उभे राहिले. पलीकडे रतनदुर्गाचा नगारा झडला. शिबंदी चिखल तुडवीत सामोरी आली. सर्वांत शेवटी, पाठीवर एक म्हातारी घेऊन, जिवाई पार झाली.

केसोशेटला खलाशांनी त्याच्याच दोरखंडांनी बांधून रतनदुर्गावर नेले.

पुढे बुवा एका हातानेच चिपळ्या वाजवीत. दर वर्षी त्या तिथीला पलीकडच्या लेकी मुलाबाळांसह देवळात येत, आणि कोणी नवखा जांभई देत विचारी, "बुवा, आरती केव्हा?"

बुवा खाडीकडे पाहत. "थांब रे. अजून दोन पायऱ्या पाण्यात आहेत."