वीस मिनिटांची नोंद

अप्पांना जाऊन चौदा दिवस झाले, त्या दुपारी इरफान बागवान आपल्या केंद्राचं सोबती यंत्र परत न्यायला आला. अप्पांच्या मुलीने, शलाकाने, त्याला आधी बसायला सांगितलं.

सोबती म्हणजे अप्पांच्या उशाशी बसवलेलं, जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. म्हातारी माणसं असलेल्या घरांत ते आता टीव्हीइतकंच सर्रास दिसे. ते नाडी मोजायचं, औषधांची आठवण द्यायचं, खोलीत जोराचा आवाज झाला की विचारायचं, "अप्पा, काही हवंय का?" आणि मिळेल ते उत्तर आपल्या लॉगमध्ये, म्हणजे रोजच्या नोंदींच्या फाइलीत, लिहून ठेवायचं.

"नेण्याआधी लॉग दाखव," ती म्हणाली. "अप्पा गेले त्या दुपारची फक्त वीस मिनिटं. अप्पांनी शहाळं मागितलं म्हणून मी कोपऱ्यापर्यंत गेले होते. त्यांनी मला हाक मारली का, एवढंच बघायचंय."

"बघू की, ताई. जे असेल ते यातच. बसवताना मी म्हटलं होतं, एक प्रत आमच्या केंद्रावर ठेवू. तर अप्पा म्हणतात, 'माझ्या खोकल्याची प्रत कुणाला हवीय रे? घरातलं घरात राहू दे.'"

शलाका किंचित हसली. हुबेहूब अप्पाच.

इरफानने वायर जोडली. पडद्यावरच्या ओळी तो मागे मागे नेत गेला आणि थबकला.

"हे बंद नव्हतं केलं?"

"नाही. आत्या म्हणाली, दिवा तेरा दिवस विझता कामा नये. मला वाटलं, हेही राहू दे चालू. दिव्यापाशी कुणीतरी जागं असावं."

इरफानने मान खाली घातली. "यात दहाच दिवसांच्या फाइली मावतात, ताई. अकराव्या दिवशी सगळ्यांत जुनी पुसून तिथंच नवी लिहिली जाते. चार दिवस आधी बोलावलं असतंत तर..."

पडद्यावर मिनिटामिनिटाला एकच ओळ होती: 'पलंगावर कोणी नाही.' दहा दिवस तेच. त्यातली कितीतरी मिनिटं शलाका खाली चटईवर, दिव्यात तेल घालत बसली होती. यंत्राने तिला हिशेबात धरलंच नव्हतं.

"काही म्हणजे काहीच उरलं नाही?" तिचा आवाज चढला.

सोबतीचा हिरवा ठिपका उजळला. "अप्पा, काही हवंय का?" त्याने नेहमीच्याच मऊ आवाजात विचारलं.

थोड्या वेळाने पडद्यावर नवी ओळ उमटली: 'उत्तर नाही.'

त्या दुपारीही त्याने हेच विचारलं असणार. शलाका त्या ओळीकडे बघत राहिली. तेव्हा उत्तर आलं होतं का? आणि त्यात तिचं नाव होतं का?