आत्याचा पोटभाडेकरू

आत्याचा कॉम्प्युटर एका मंगळवारी सकाळी, चालू विणकामात बंद पडला. बावीस वर्षं इमानेइतबारे राबलेलं ते यंत्र, शेवटी चूं की चां न करता गेलं. त्याच्या वायरला जोडलेलं विणकाम यंत्र अर्ध्या ओळीवर थांबलं आणि निळ्या स्वेटरची बाही सुयांवर लोंबकळत राहिली.

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मी डिस्क उघडून पाहिली. आतली तबकडी खरवडून निघाली होती. आत्याने स्वतः काढलेली तीनशेवर डिझाइन्स त्यात होती. ती नुसती लोकरीचा गुंडा सोडत आणि गुंडाळत बसली.

"डिझाइन्स गेली, पण प्रोग्रॅम चालवून देते," मी म्हटलं. तिचा विणकामाचा प्रोग्रॅम फक्त त्या जुन्या सिस्टिमवर चालायचा आणि त्याची मूळ सीडी तिने कपाटात जपून ठेवली होती. मी नवा लॅपटॉप आणला, त्यात व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर टाकलं आणि त्याच्या आत जुनी सिस्टिम बसवली.

"म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात कॉम्प्युटर?"

"हो. थोडी मेमरी, थोडी डिस्क त्याला वेगळी काढून द्यायची. त्याला वाटतं, आपलंच सगळं घर आहे."

"पोटभाडेकरूच की गं!" आत्या इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

खबरदारी म्हणून मी त्या आतल्या कॉम्प्युटरला इंटरनेट दिलं नाही. सगळं कोरं असतानाच स्नॅपशॉट घेऊन ठेवला. काही बिघडलं तर एका क्लिकमध्ये पुन्हा त्या कोऱ्या अवस्थेला येता यावं, एवढ्यासाठी.

दोनच दिवसांनी तिचा फोन आला. आवाजात रडू होतं, पण आनंदाचं. "इंजिनीअरबाई, किती गुणाची गं तू! सगळी आणलीस परत!"

मी काहीच आणलं नव्हतं. मेलेली डिस्क माझ्या टेबलावर, उघडी पडलेली होती.

जाऊन पाहिलं. तीनशे बारा डिझाइन्स. नेहमीसारखी माणसांच्या नात्यांवरून ठेवलेली नावं: जाऊ, शेजारीण, विहीणबाई. मी आधी सगळी छापून घेतली, मग आत्याला सांगून स्नॅपशॉट परत आणला. फोल्डर रिकामा झाला. आत्याचा चेहरा पडला. मी लॅपटॉप बंद करून घरी गेले.

सकाळी तीनशे तेरा होती.

"हे शेवटचं माझं नाही," आत्या म्हणाली. फाइलचं नाव होतं 'नात'. पिवळे हातमोजे, वय तीन महिने. "एवढ्याशा बाळाला बोटांचे मोजे कोण घालतं? आणि हे बघ, उजव्या हाताला सहा बोटं. तुझा भाडेकरू मोजायला कच्चा आहे."

मी पाचचा आकडा घालणार होते. तिने माझा हात धरला. "राहू दे. त्याने हौसेने काढलंय." आणि तिने ते तसेच विणले.

रविवारी आतेबहीण आली. आठ वर्षं दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवून ती आणि तिचा नवरा त्या विषयावर बोलेनासे झाले होते. तिने टेबलावरचे मोजे उचलले आणि आत्याकडे वळली.

"आई, तुला कुणी सांगितलं? कालच कळलंय गं. आम्ही अजून कुणालाच..."

पुढचं बोलणं कुणाला ऐकूच आलं नाही. आत्या हसत होती, रडत होती, लेकीला सोडत नव्हती. मोज्यांची आठवण फक्त मला राहिली. मी उजव्या मोज्याची बोटं पुन्हा मोजली. सहा.

मुलगी झाली. गुटगुटीत, खणखणीत आवाजाची. उजव्या हाताला करंगळीशेजारी आणखी एक करंगळी. डॉक्टर म्हणाल्या, काही काळजी नाही. आतेबहीण म्हणाली, "आमच्या पोरीला देवाने मापापेक्षा एक जास्तच दिलंय." सगळे पोट धरून हसले. मीही हसले. तीन महिन्यांनी मोजे चढवले, तर एक टाकासुद्धा सैल नव्हता.

त्या दुपारी घर भरलेलं होतं. बाळ आळीपाळीने सगळ्यांच्या मांडीवर फिरत होतं. आत्याने मला बाळाच्या टोपीचं डिझाइन छापायला सांगितलं. मी आतल्या खोलीत लॅपटॉप उघडला.

नवी फाइल होती. नाव 'भाची'.

आत्याला भाची एकच.

राखाडी हातमोजे. मी टेप घेऊन स्वतःच्या तळव्याची रुंदी मोजली. बरोबर. मधलं बोट, अंगठा, बरोबर.

उजव्या हाताला पाच बोटं.

"काय गं, आलं का काही नवीन?" बाहेरून आत्याने आनंदाने विचारलं. "कुणासाठी आहे?"

मी डावा हात पाहत होते. अंगठा आणि तीन बोटं. पुढे करंगळीच्या जागी टाके बंद करायची खूण होती आणि तिच्या आत मऊ अस्तराची एक जादा ओळ, तिथली कातडी अजून दुखरी असावी तशी.