एक घर पुढचं प्यादं

बुद्धिबळात मी मुलांना रडवते हे मुलुंड पूर्वेला तोवर सगळ्यांना ठाऊक झालं होतं. फक्त त्याला नव्हतं.

सत्त्याऐंशीचा मे महिना. वाचनालयाच्या वरच्या खोलीत मी एकटीच पट मांडून गिऱ्हाईक शोधत होते, तेवढ्यात तो जिना चढून आला. काखेत एक पेटी आणि नाकावर घाम.

"इथे प्लग आहे का?"

"आधी डाव. मग प्लग."

तेवीस चालींत हरला. तरी हसतच होता... मला ते मुळीच आवडलं नाही. म्हणजे, फारच आवडलं.

नाव नंदकिशोर, अकरावी झालेला. पेटीत बुद्धिबळ खेळणारा कॉम्प्युटर होता, मामाने कुवेतहून आणलेला. मोहरा घरावर दाबला की टिक् वाजायचं. यंत्राची चाल कडेच्या लाल दिव्यांवरून कळायची, आणि एका छोट्या खिडकीत कोण किती पुढे, कोण किती मागे त्याचा आकडा यायचा. पण नंदूला त्याच्याशी खेळायचंच नव्हतं. वाचनालयात एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं, साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या उस्तादांच्या डावांचं. त्यातला एकेक डाव मधेच थांबवून तो पटावर मांडायचा आणि यंत्राला विचारायचा, इथे उस्ताद चुकला का?

"मेलेल्यांच्या चुका काढतोस? लाज नाही वाटत?"

"जिवंत लोक चिडतात ना गं, क्षमा."

यंत्राला खोल विचार करायला लावला की तास-तास लागायचे. ते विचार करायचं, आम्ही कैरी खायचो. मीठ-तिखट एकाच कागदावर. दोघांची बोटं एकदम पुढे यायची, आणि एकदम थांबायची...

"घे ना."

"तू घे."

वाचनालयाचे शिपाई अंबादासकाका झाडू घेऊन डोकवायचे. "झोपलं काय रे तुमचं यंत्र?"

"विचार करतंय, काका."

"इतका विचार कमिटीने केला असता तर या खोलीत पंखा आला असता."

मग एक दिवस नंदू कैरी न खाता बसला. वडिलांची ट्रॉम्बेहून बदली झाली होती, पार मद्रासच्या पुढे. चार जूनची तिकिटं.

"घाटकोपरला तुझी मावशी आहे ना? तिच्याकडे राहा. बारावी इथेच कर," मी म्हणाले.

"बाबांना विचारायला लागेल."

"मग विचार की."

"विचारतो," तो म्हणाला. खिडकीकडे बघून.

शेवटचा रविवार आला. पुस्तकातला शेवटचा डाव राहिला होता. त्यात काळ्याने डाव सोडून दिलेला, आणि नंदूचं पहिल्यापासून म्हणणं होतं की त्याने घाई केली, तो वाचला असता. पानावरचं चित्र कसरीने खाल्लेलं. खाली कुठला मोहरा कुठल्या घरात ते तेवढं छापलेलं होतं.

"पैज," मी म्हणाले. "काळा वाचत असेल तर आजच्या आज बाबांशी बोलायचं. मावशीकडे राहतो म्हणून, सरळ."

"आणि नसेल वाचत तर?"

"तर... मी एक शब्दही बोलणार नाही."

"तू? आणि एक शब्दही नाही?"

"पैज म्हणजे पैज."

त्याने पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. "मांड तूच."

मी वाचून वाचून मोहरे दाबले. टिक्, टिक्, टिक्. काळ्याचं डाव्या कडेचं एकटं प्यादं ठेवलं तेव्हा नंदूने तोंड उघडलं, आणि मिटलं. मला वाटलं, जांभई.

दुपारी बाराला खिडकीत काळ्यासाठी उणे दोन. तीनला उणे चार. कुठूनही जा, ते प्यादं मरतच होतं. पाचला उणे सहा आलं आणि नंदूने हात पुढे केला, हरल्यावर करतात तसा. मी तो हातात घेतला. महिनाभर कैरीवर थांबलेली बोटं... आणि भेटली ती अशी. कितीतरी वेळ आम्ही सोडलाच नाही हात. त्याला सांगायचं एक वाक्य माझ्याकडे तयार होतं.

पण पैज म्हणजे पैज. मी एक शब्द बोलले नाही. चार तारखेला त्याला निरोप द्यायला दादर स्टेशनवरही गेले नाही.

शाळा सुरू झाली. दहावीचं वर्ष. एका शनिवारी राहवेना म्हणून पुस्तक घरी आणलं आणि तो डाव पहिल्या चालीपासून खेळून पाहिला. शेवटी आले, तर प्यादं वेगळ्याच घरात. जुन्या पुस्तकांत काळ्याची घरं काळ्याच्या बाजूने मोजतात, आणि त्या एका प्याद्याचं घर मी पांढऱ्याच्या बाजूने मोजलं होतं. दोघांकडून चौथंच घर, पण माझं प्यादं एक घर पुढे गेलं होतं. तिथे त्याला कोणी वाली नव्हता.

यंत्र नव्हतं, म्हणून तीन दिवस डोक्याने झगडले. काळा वाचत होता. जिंकत नव्हता, पण हरतही नव्हता.

त्याच्या घरचे वाचतील म्हणून पोस्टकार्डावर एवढंच लिहिलं: प्यादं चुकीच्या घरात होतं. चूक माझी. काळा वाचतो.

बारा दिवसांनी त्याचं इनलँड पत्र आलं.

"क्षमा, तू प्यादं ठेवलंस तेव्हाच मला दिसलं होतं. पण बाबांना मी आदल्या दिवशीच विचारलं होतं गं. आईला संधिवात, ते दिवसभर ड्युटीवर, घरात दुसरं कोण? नाही म्हणाले. ते तुला सांगायचं धैर्य नव्हतं माझ्यात. वाटलं, त्यापेक्षा यंत्रानेच हरवलेलं बरं. इथे आल्यावर प्यादं खऱ्या घरात ठेवून पाहिलं. दीड दिवस विचार करून यंत्र म्हणालं, बरोबरी. तुझं खरं आहे. आणि त्या दिवशी पैजेपायी तू जे बोलली नाहीस... ते काय होतं?"

आता सांगायला हरकत नव्हती. पैज मीच जिंकले होते. कागद घेतला, पेन घेतलं. ते वाक्य चारच शब्दांचं होतं, पण हात हातात असतानाचं होतं. कागदावर ते उतरेना.

पट अजून मांडलेलाच होता. मी प्यादं उचललं आणि एक घर पुढे, त्या चुकीच्या घरात ठेवलं. तिथे ते मरतं, मला माहीत आहे. पण त्याचा हात माझ्या हातात आला तो तिथेच.

आई जेवायला हाक मारेपर्यंत ते तिथेच राहू दिलं.