मान वर करून

विड्यांच्या कारखान्यात नवा चेकर आला आणि पहिल्याच दिवशी त्यानं अनुसयाचा पंचवीस विड्यांचा अख्खा कट्टा बाजूला फेकला.

"काहून फेकला?"

"ढिल्या हायेत, बाई."

"डोळे ढिले असतीन तुमचे!"

ओसरीवरच्या बाया फिसकन हसल्या. चेकरशी सगळ्या मान खाली घालून बोलत; ही मान ताठ ठेवून भांडत होती. ती मान वाकतच नव्हती, हे कोणाला माहीत? आठ वर्षं सुपावर वाकून विड्या वळल्या होत्या तिनं.

प्रेमलालनं — त्या चेकरनं — एक विडी उजेडात धरली. "पान बरोबर कापलं, तंबाखू बरोबर... गाठच तेवढी ढिली. अंगठा दुखते का तुमचा?"

दुखत नव्हता. बधिर झाला होता. घरात सहा महिन्यांत कोणाला दिसलं नाही, ते या परक्या माणसाला एका कट्ट्यात दिसलं. अनुसयाला रागच आला... आणि रागाबरोबर आणखी काहीतरी.

शेवटी ती नागपूरला दाखवायला गेली. डॉक्टरांनी मानेला पट्टा बांधला आणि एमआरआयचा फोटो पाहून सांगितलं, मानेच्या मणक्यांमधली गादी फाटून नसेवर दाबते आहे. गळ्याकडून ऑपरेशन. त्यात धोका आहे. पण नाही केलं, तर हात जाईल.

भाऊ दुलीचंद भडकला. "लामत्याचे पाहुने पोरगी पाहाले येऊन राह्यले. गळ्यावर चिरा पाहून कोन करीन इले? लगन झाल्यावर तिकडचे पाहून घेतीन."

मानेचा पट्टा काढायचा, पदर ओढायचा, खाली बघत बसायचं, असं ठरलं. जिची मान, तिला सोडून सगळ्यांना विचारलं गेलं.

कट्ट्यावरून रोजची भांडणं एव्हाना संध्याकाळी वैनगंगेच्या घाटापर्यंत पोचली होती; तिथंच तिनं प्रेमलालला सगळं सांगितलं. तो पाण्याकडे बघत म्हणाला, "मी करतो लगन... पन ऑपरेशन राहू दे. टेबलावरच काही झालं त—"

"वा! तुमीबी? माही मान हाये, का पंचायतीचा चबुतरा? ज्यानं त्यानं येऊन बसावं!"

प्रेमलालचे कान लाल झाले.

"चुकलो. तुले काय पायजे?"

हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कोणी विचारला होता.

"हात पायजे मले."

"मंग चाल नागपूरले."

पाहुण्यांची वाट न बघता दोघं निघाले; दुलीचंदला न जुमानता आई गोदाबाईही सोबत आली. दवाखान्यात कारकुनानं कागद पुढे केला. "बापाची नाही त नवऱ्याची सही." बाप नव्हता. कारकुनानं प्रेमलालकडे बघितलं. "तुम्ही नवरा?"

"आजून नाही. आन् असतो तरी मान इची हाये." त्यानं कागद दाबून धरला. अनुसयानं बधिर बोटांत पेन घट्ट पकडलं आणि स्वतःचं नाव लिहिलं — वाकडं, पण पूर्ण.

ऑपरेशननंतर पंधराव्या दिवशी तो तेंदूचं पान, चिमूटभर तंबाखू आणि दोरा घेऊन आला. गळ्याला पट्टा बांधलेल्या अनुसयानं हात डोळ्यांसमोर धरून एक विडी वळली. अंगठ्याला दोरा काचला... काचला!

प्रेमलालनं गाठ ओढून पाहिली, दोनदा.

"ढिली हाये?" ती उसळली.

"घट्ट हाये." विडी त्यानं कानावर खोवली. "पोरगी पाहाले येऊ का? मान खाली घालून बसा लागते म्हन्ते."

"मी वर करूनच बसीन."

"हौ... तेच पाहाले येऊन राह्यलो."