मोजण्याजोगं कुणी नाही

शिरगणतीचा कागद देताना पीट्री कारकुनाने बजावलं होतं, "रविवारी मध्यरात्रीला घरात जिवंत असलेली माणसं लिहायची, डॉक्टरीणबाई. त्यानंतर जन्मलेलं मूल लिहायचं नाही."

"आणि जिला मत देता येत नाही अशी बाई? ती तरी कशाला लिहायची?"

डंडीच्या तागगिरण्यांच्या वस्तीत युफेमिया रँकिन ही एकटीच बाई डॉक्टर. बायकांच्या मतासाठी दोनदा तुरुंगाची हवा खाऊन आलेली, तोंडाने फटकळ. तिने कागदावर ठसठशीत लिहिलं, 'या घरात मोजण्याजोगं कुणी नाही.'

सोमवारी सकाळी पीट्रीने तो दारातच वाचला. "धन्य आहात बाई! बरं, तसंच नोंदवतो." त्याने वहीत लिहिलं, वही मिटली आणि तिच्या खांद्यावरून आत डोकावत हाक मारली, "कुणी आहे का घरात?"

"पुरे झाली चेष्टा," ती म्हणाली. तो दार ओढून निघून गेला.

थोड्याच वेळात जीनी लाफ्रनचा नवरा डूगल दार बडवू लागला. तिने दार उघडलं.

"डॉक्टरीणबाई! जीनीचं मूल आडवं आलंय!" तो रिकाम्या जिन्याकडे बघून ओरडला. "अरे देवा, नाहीत घरात! आता कुणाला आणू?"

"मी इथे आहे, डूगल!"

तो रडत परत पळाला. पिशवी घेऊन तीही मागोमाग धावली. जीनीला तिने शब्द दिला होता, तुझं बाळंतपण मीच करीन.

खोलीत जीनी गुरासारखी ओरडत होती. सासू नुसती हात चोळत उभी.

"पाय धरा तिचे!" युफेमिया किंचाळली. सासू हलली नाही.

युफेमियाने एकटीनेच मूल फिरवलं.

"आई गं! कोण हात घालतंय?"

"कुणी नाही गं पोरी. कुणीच नाही."

मुलगी झाली. तिने टाहो फोडला.

"झाली सुटका?" डूगलने दारातून विचारलं.

सासू चादर चाचपत होती. "झाली रे... पण मूल कुठाय?"

"हे काय! रडतंय, ऐकू येत नाही?" युफेमियाने बाळ जीनीच्या हातांवर ठेवलं. जीनीचे हात तसेच हवेत शोधत राहिले. बाळ घसरायच्या आत युफेमियाने ते छातीशी धरलं.

तेव्हा तिला पीट्रीचे शब्द आठवले: त्यानंतर जन्मलेलं मूल लिहायचं नाही.

बाळ रडायचं थांबलं. खोलीतलं तेवढं एकच माणूस तिच्याकडे पाहत होतं.